पुरवणी यादी

मी बँकेत नोकरीला लागलो त्याला एकतीस वर्षं झाली. त्यातली पहिली बरीच वर्षं मी सह्या जुळवण्याच्या टेबलावर होतो. समोर आलेल्या कागदावरची सही आणि खातं उघडताना घेतलेली नमुना सही शेजारी शेजारी ठेवायच्या, अक्षराचं वळण बघायचं, शेवटची रेघ कुठे तुटते ते बघायचं. जुळली तर कागद पुढे. नाही जुळली तर लाल शाईने तसं लिहून परत. आता नमुना सही संगणकाच्या पडद्यावर दिसते, पण नजर तीच राहिली आहे. लग्नपत्रिका, डॉक्टरची चिठ्ठी, सोसायटीची नोटीस, काहीही हातात आलं की मी आधी खालची सही बघतो. बायको म्हणते, "देवाच्या तसबिरीखाली चित्रकाराने सही केलेली असते ना, तीसुद्धा तुम्ही तपासाल." खोटं नाही. तपासली आहे.

या सवयीने मी माझ्या बहिणीचं जे केलं ते मला नीट, आकड्यांसकट लिहून ठेवायचं आहे.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय चालत नव्हते, उजवा हात छातीशी आखडलेला, डावा हात चालायचा पण त्याच्या मनाप्रमाणे. बोलणं घरच्यांना समजायचं, बाहेरच्यांना नाही. एक वाक्य पुरं करायला तिला जितका वेळ लागायचा तितक्यात परका माणूस दोनदा घड्याळ बघायचा. बुद्धी मात्र आम्हा दोघांत तिची जास्त. मला गणितं तिने शिकवली. मी उत्तर चुकवलं की ती तोंडाने काही म्हणायची नाही, नुसती भिंतीकडे बघायची.

आमचं घर उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री, घाटावरच्या मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत आहे; आमच्यासारखी थोडी मराठी घरं तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. दारापासून वर रिक्षा उभी राहू शकेल अशा जागेपर्यंत चौतीस पायऱ्या आहेत, तीन टप्प्यांत. अक्काला बाहेर न्यायचं म्हणजे दोन माणसांनी खुर्ची उचलायची आणि मी पुढे "बाजूला, बाजूला, भइया ज़रा" करत चालायचं. वर्षातून असं सात-आठ वेळा व्हायचं. बाकी वेळ तिची खालची खोली, तिची पुस्तकं, आणि गेल्या काही वर्षांत फोन. डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेराने ती टाइप करायची. एक ओळ, मग विश्रांती, मग पुढची ओळ.

वडील रेल्वेत होते. ते गेल्यावर पेन्शन आईला मिळाली. आई गेली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली, तेव्हा ती नियमाप्रमाणे अक्काला मिळायची होती. कचेरीतून सांगितलं, अर्जदार अशी असेल तर कायदेशीर पालकाचा दाखला आणा. मी आणला. पाच चकरा मारल्या, सगळी कागदपत्रं एका खेपेत लावली, तिथला बाबूसुद्धा म्हणाला की इतकी स्वच्छ फाइल क्वचित बघायला मिळते. मला त्याचा अभिमान वाटला होता.

त्या अर्जावर अक्काची संमती हवी होती. तिला सही येत होती. वाकडी, मोठी, दर वेळी थोडी वेगळी, पण तिची. तिने पेन मागितलं. मी म्हणालो, "अक्का, अंगठा दे. सही उद्या जुळणार नाही, मग प्रत्येक वेळी अडेल." माझं म्हणणं व्यवहाराला धरून होतं. तिने अंगठा दिला. तो कापडाने पुसताना ती भिंतीकडे बघत होती.

त्या दिवसापासून अक्काच्या नावाने जिथे जिथे सही लागली तिथे मी केली. बँक, रेशन, दवाखाना, अपंगत्वाच्या दाखल्याचं नूतनीकरण. अक्का एक्कावन्न वर्षांची झाली तेव्हा एका रविवारी तिने मला खोलीत बोलावलं आणि सांगितलं की हे पालकत्व काढून टाकायचं आहे. खातं तिच्या एकटीच्या नावाने हवं.

मी विचारलं, "मी तुझं काही खाल्लंय का, अक्का?"

"नाही रे," ती म्हणाली. "खाल्लं असतंस तर सोपं होतं. तक्रार करता आली असती."

तिने स्वतः अर्ज टाइप केला. मी तो जसाच्या तसा छापून कचेरीत दिला. चार महिन्यांनी उत्तर आलं. अर्जदार पालकत्वाखाली असल्याने अर्ज पालकामार्फत करावा. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "कर, मग. तूच आहेस तो."

मी केला नाही. हे स्पष्ट लिहितो. मी म्हणालो, मधल्या काळात पेन्शन अडकेल, तुझी औषधं आहेत, जरा चौकशी करून मग बघू. चौकशी मी केली, पण अर्ज केला नाही. आज, उद्या, मार्च संपल्यावर, असं करत सहा वर्षं गेली. मला ते काम अवघड नव्हतं. पाच चकरांचंच होतं. फक्त, स्वच्छ लावलेली फाइल विसकटायचं माझ्या जिवावर आलं.

त्या सहा वर्षांत अक्काने फोनवर बरंच वाचलं. अपंग माणसांच्या हक्कांबद्दल जगातल्या देशांनी मिळून केलेला एक करार आहे. आपल्या देशाने त्याला मान्यता दिली आहे, आणि नंतर त्याला धरून कायदाही केला. पण त्या कराराला जोडून दुसरा एक छोटा करार आहे. तो ज्या देशाने स्वीकारला तिथल्या एकट्या माणसालाही, घरचे सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावर, स्वतःच्या नावाने थेट त्या आंतरराष्ट्रीय समितीकडे तक्रार पाठवता येते. तो आपण स्वीकारलेला नाही. अक्काने मला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "घरी येऊन अक्षत दिली, आणि लग्न कुठे ते सांगितलं नाही. तसं आहे हे."

मी म्हणालो, "आणि सही केली सरकारने, तर तू काय, माझी तक्रार परदेशात करणार?"

"तुझी कशाला? ज्या कायद्याने तू पालक झालास त्याची." थोडं थांबून म्हणाली, "माझ्या हयातीत नाही व्हायचं ते. पण मागितलं होतं असा कागद तरी राहील. माझ्या नावाचा."

एका नवरात्रात तिने सरकारला पत्र लिहायला घेतलं. तो जोड-करार स्वीकारावा, एवढंच मागणं. मसुदा मराठीत केला, मग स्वतःच हिंदीत. मी एक-दोन शब्द सुचवले. सरकारी पत्रात दिव्यांग लिहावं, म्हणालो. तिने लिहिलं, पण मला ऐकवलं, "दिव्य म्हणतात आणि खातं उघडू देत नाहीत."

पत्राखाली तिला लोकांच्या सह्या हव्या होत्या. पहिल्या क्रमांकावर तिची स्वतःची. ती तिने आमच्यासमोर केली, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, पेनाभोवती फडकं गुंडाळून. कागद माझ्या बायकोने धरला होता. सात मिनिटं लागली. दुसरी सही माझी, तिसरी बायकोची. पुढच्या सह्यांसाठी तिने फोनवरून माणसं जोडली. दाखल्यांच्या शिबिरात वर्षानुवर्षं रांगेत भेटलेली, त्यांच्या ओळखीची, त्यांच्या शेजारची. कोणी कागद नेऊन दहा सह्या घेऊन येई, कोणी तीन. दोनदा आम्ही तिला रिक्षाने पुलावरून, नदीपलीकडच्या रामनगरला नेलं. तिथे चहाचे मातीचे कुल्हड विकणारा एक माणूस आहे, चारा कापायच्या मशीनमध्ये कोपरापासून दोन्ही हात गेलेले. अक्काचं बोलणं बाहेरच्या माणसांत त्याला सगळ्यांत लवकर समजायचं. त्याचं नाव त्याच्या बायकोने लिहिलं.

संक्रांतीला आमच्याकडे मराठी घरांतली माणसं तिळगुळाला येतात. पूर्वीपेक्षा कमी, पण येतात. त्या वर्षी अक्का दाराशी खुर्ची लावून बसली. मांडीवर तिळगुळाचा डबा, डब्यावर कागद. बायकोने तिच्या वतीने सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, "तिळगूळ घ्या, सही द्या." भोसले घाटाकडे राहणारे एक वयस्क गुरुजी म्हणाले, "आधी सही की आधी तिळगूळ?" अक्का काहीतरी बोलली. बायको हसून म्हणाली, "त्या म्हणतायत, सही दिल्याशिवाय गोड बोलणार नाही." गुरुजींनी सही दिली आणि दोन वड्या घेतल्या. त्या एका दिवसात एकोणीस सह्या झाल्या. अक्काला इतकं खूश मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

एकूण सह्या झाल्या तीनशे अठरा.

रथसप्तमीनंतरच्या रविवारी, जेवणं झाल्यावर, मी ते सगळे कागद टेबलावर मांडले. पत्र सरकारकडे जायचं, तर त्यात खोट राहू नये असं मला वाटत होतं. मी चष्मा लावला आणि लाल पेन घेतलं. अक्काची खुर्ची टेबलाच्या कडेला होती.

चौथ्या पानावर मी पहिली रेघ मारली. नाव आणि सही वेगवेगळ्या हातांची होती. मग आणखी एक, अंगठा पसरलेला, साक्षीदार नाही. मग रामनगरचा तो माणूस. सही त्याच्या बायकोच्या अक्षरात, आणि तिची स्वतःची सही तिच्याच खाली, त्याच अक्षरात.

बायको ताटं आवरत होती. ती थांबली. "अहो, काय करताय?"

"खोट्या सह्या काढतोय."

"खोट्या कुठल्या? मी होते ना तिथे. त्याने सांगितलं, तिने लिहिलं."

"ते तुला माहीत. वाचणाऱ्याला नाही. एक सही खोटी निघाली की ते सगळी यादी बाजूला ठेवतात."

"ही बँक नाही हो."

"सरकार तरी बँकेपेक्षा वेगळं काय आहे?" मी म्हणालो आणि पुढचं पान घेतलं.

अक्का एकही शब्द बोलली नाही. मला वाटलं तिला पटतंय. रेघा मारता मारता मी मोजत होतो. पंचेचाळीस झाल्या. त्या पंचेचाळिसांत थोडे वगळता सगळे तेच लोक होते ज्यांच्यासाठी हे पत्र होतं. आंधळे, हात नसलेले, हात थरथरणारे, ज्यांची सही कुणाच्या तरी आधाराने झाली होती असे. धडधाकट माणसांच्या सह्या सगळ्या सुबक होत्या. हे मला आज दिसतं. त्या दुपारी दिसलं नाही. त्या दुपारी मला फक्त वळणं दिसत होती.

शेवटी मी पहिल्या पानावर परत आलो.

"अक्का," मी म्हणालो, "तुझीही अडचण आहे. तू कागदोपत्री पालकत्वाखाली आहेस. पहिलीच सही तशी असली तर..."

ती माझ्याकडे बघत होती.

"दुसरी माझी आहेच. ती वर जाईल. तुझ्या वतीनेच आहे ना ती."

तिने पहिल्या पानावरच्या आपल्या सहीकडे पाहिलं. मग म्हणाली, "जुळत नाही?"

"तसं नव्हे, अक्का. कायद्याने..."

"बरं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे बघायला लागली.

बायकोने ताटं पुन्हा टेबलावर ठेवली, जरा आपटूनच, आणि खुर्ची फिरवून अक्काला खोलीत घेऊन गेली. मी रेघ मारली. सेहेचाळीस. तीनशे अठरामधून सेहेचाळीस गेले, दोनशे बहात्तर राहिले. नवे क्रमांक घातले. पहिला मी. दुसऱ्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. पावती माझ्याकडे आहे.

अक्षय तृतीयेच्या सुमारास उत्तर आलं. पत्र मिळालं, पुढील कार्यवाहीसाठी योग्य विभागाकडे पाठवलं आहे. अडीच ओळी. मी ते अक्काला वाचून दाखवलं.

"कोणाला आलंय?" तिने विचारलं.

पाकिटावर माझं नाव होतं. तिने पाकीट मागून घेतलं, मांडीवर ठेवून पाहिलं आणि परत दिलं. त्या पत्राबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही. फोनवर टाइप करणंही कमी झालं. बायकोने एकदा विचारलं तर म्हणाली, बोट दुखतं.

भाद्रपदात तिच्या छातीत कफ साठला. घास कधी कधी चुकीच्या वाटेने जायचा, हे लहानपणापासून होतं, पण या वेळी ताप उतरेना. चौतीस पायऱ्या खुर्चीवरून नेता येईना, म्हणून चादरीत घालून चौघांनी तिला वर नेलं. दवाखान्यात भरती करताना फॉर्म आला. नर्सने तो माझ्यापुढे धरला आणि बोट ठेवलं, "गार्जियन, यहाँ।"

अक्काच्या नाकात नळी लावलेली होती, पण ती शुद्धीवर होती. तिने डावा हात उचलला. मला वाटलं तिला पाणी हवंय. तिची नजर पेनावर होती. मी घाईत होतो, डॉक्टर पुढे गेले होते. मी सही केली आणि फॉर्म परत दिला. ती काहीतरी म्हणाली. मी वाकून कान जवळ नेला.

"जुळली?"

ती किंचित हसत होती. मीही हसलो, कारण ती हसत होती. तिने माझ्याशी बोललेला तो शेवटचा शब्द. त्यानंतर सहाव्या दिवशी ती गेली. मृत्यूची नोंद, सामान परत मिळाल्याची पोच, सगळीकडे माझी सही आहे, सगळ्या एकसारख्या.

दिवस झाल्यावर बायकोने खोली आवरली आणि टेबलावर एक पुठ्ठ्याची फाइल आणून ठेवली. मी रेघा मारलेल्या कागदांच्या झेरॉक्स प्रती त्यात होत्या. पत्र पाठवायच्या आधी अक्कानेच तिला सांगून त्या काढून घेतल्या होत्या. रेघेखाली प्रत्येक नाव वाचता येत होतं. बायको म्हणाली, "त्यांनी मला सांगितलं होतं, ह्याला आत्ता देऊ नकोस. स्वतःहून मागेल."

"मी मागितली नव्हती," मी म्हणालो.

"नाही. पण आता मी किती थांबू?"

दसऱ्यापासून मी त्या पंचेचाळीस जणांकडे जायला सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी, एका दिवसात दोन किंवा तीन. पहिल्यांदा रामनगरला गेलो. तो माणूस दुकानात कुल्हडांच्या चळतीशेजारी बसला होता. त्याला अक्का गेल्याचं कळलं होतं. मी नवा कागद काढला. तो म्हणाला, "दस्तखत त हो गयल रहल।"

मी सांगितलं की झालेली ती सही मी खोडली होती.

"काहे?"

"हाथ आपका नहीं था।"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या लहान मुलाला समजावावं तसं तो म्हणाला, "हाथ हमार ना हौ, बाबूजी। बात त हमरे हौ।" मग विचारलं, "दीदी जानत रहलीं?"

मी हो म्हणालो, अक्काला माहीत होतं. मग त्याने बायकोला हाक मारली. तिने नाव लिहिलं. तिच्या अक्षराशेजारी मी लिहिलं की हे नाव त्याच्या सांगण्यावरून, माझ्यासमोर लिहिलं आहे, आणि खाली माझी सही केली. एवढंच करायचं होतं. रथसप्तमीनंतरच्या त्या रविवारीही एवढंच करता आलं असतं. एका नावामागे अर्धं मिनिट.

पंचेचाळिसांपैकी एकतीस जणांनी पुन्हा नावं दिली. सात जणांचा पत्ता लागला नाही. तिघं वारले होते. चौघांनी नाही म्हटलं. त्यांतली एक आंधळी बाई, शाळेत संगीत शिकवते, म्हणाली, "एकदा दिली होती. आता तुम्हाला नाही देणार." मी तिला समजावायला गेलो नाही.

सरकारला आता दुसरं पत्र जाईल. मागणं तेच, अक्काच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता. पहिल्या पत्राचा क्रमांक आणि दिनांक देऊन, सोबत पुरवणी यादी जोडली आहे. आधी वगळलेली नावं ही आहेत, आणि ती माझ्या चुकीने वगळली गेली होती, असं मी त्यात लिहिलं आहे.

यादी स्वच्छ कागदावर उतरवताना पहिल्या ओळीपाशी मी थांबलो. ती ओळ अक्काची. तिच्या नावाने मी एकोणीस वर्षं सह्या केल्या आहेत. किती ते मोजायचा प्रयत्न केला, दोनशेच्या पुढे गेल्यावर सोडून दिला. मला तिची सही काढताही येईल. ती मोठी अक्षरं, मध्येच सुटलेला हात, शेवटी खाली घसरलेली रेघ, सगळं डोळ्यांपुढे आहे. माझ्या टेबलावर कोणी आणली असती तर मीसुद्धा ती खरी मानली असती.

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "झेरॉक्स लावा ना त्यांच्या सहीची."

"त्यावर माझी रेघ आहे," मी म्हणालो.

ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने चहा ठेवून गेली.

मी पहिली ओळ कोरी सोडली आणि रामनगरच्या माणसाचं नाव दोनवर घातलं. पत्रात नावं एकतीस लिहिली आहेत. यादी बत्तिसावर संपते. माझ्यासारखा कोणी ती तपासायला बसला तर त्याला हा फरक लगेच दिसेल, आणि तो लाल शाईने विचारेल.